तेरवा मिटणारी मायावती

मित्रांनो, मी एक जुनी चांदणी आहे. तुम्ही निबंधात लिहिता तशी लुकलुकणारी नाही. लुकलुकणं हे तुमच्याकडच्या हवेचं काम आहे, त्याचं श्रेय मला नको. मी मिटते. दर दोन दिवस, वीस तास आणि एकोणपन्नास मिनिटांनी मिटते आणि पुन्हा उघडते. यात आजवर एकदाही खाडा झालेला नाही.

माझा उजेड तुमच्यापर्यंत पोचायला नव्वद वर्षं लागतात. मग सिंगापूरच्या पुंगोलमधल्या एका कारपार्कच्या गच्चीवर गेल्या जानेवारीत काय झालं, हे मला कसं कळलं, असा प्रश्न तुमच्यातल्या हुशार मुलांना पडेल. मित्रांनो, फाटक्या छत्रीचं आत्मवृत्त वाचताना तुम्ही छत्रीला तोंड कुठून आलं असं विचारलं नव्हतं. मलाही तेवढीच सवलत द्या.

आम्ही तीन बहिणी, एकाच ढगातून जन्मलेल्या. तिसरी लांब राहते. तिचं आमच्याकडे फारसं येणं-जाणं नाही, म्हणून तिला या गोष्टीतून वगळते. थोरली आणि मी मात्र एकमेकींना इतक्या चिकटून राहतो की तुमचा बुध सूर्याच्या याहून कितीतरी लांब आहे. जन्मली तेव्हा थोरली माझ्याहून वजनदार होती. वजनदार ताऱ्यांचं सगळं लवकर होतं. ती लवकर मोठी झाली, लवकर पिकली, फुगली, आणि फुगली तसं तिच्या अंगावरचं माझ्याकडे वाहत आलं. मी ते घेत गेले. एकदाही नको म्हटलं नाही. आज मी तिच्या चौपटीहून जड आहे, निळसर पांढरी आणि लखलखीत. ती नारिंगी, मंद, दिसायला घेरदार पण वजनाला काही उरलेली नाही. लोक मला बघतात. तिला कुणी धड नावसुद्धा ठेवलेलं नाही. तीच फिरत फिरत माझ्या समोरून जाते, तेव्हा खालच्या लोकांना मी मिटल्यासारखी दिसते.

नावांची हौस मात्र माझ्या बाबतीत सगळ्यांनी पुरवून घेतली. ग्रीकांनी मला एका राक्षसिणीच्या तोडलेल्या मुंडक्यात बसवलं. ते मुंडकं एका वीराच्या हातात लोंबतं आहे आणि त्याचा डोळा म्हणजे मी. अरबांनी सरळ राक्षसाचं डोकं म्हटलं. चिनी ज्योतिषांनी मला राजाच्या थडग्यात पाचव्या नंबरवर पुरलं. चेहऱ्याबद्दल इतके वाईट अभिप्राय फार थोड्यांना मिळत असतील. मग मराठी पंडित आले. त्यांनी परक्या नकाशावर घरची नावं चिकटवली. त्या वीराचा झाला ययाती, त्याच्या बायकोची झाली देवयानी, आणि तिच्या आईची झाली शर्मिष्ठा. पुराणात शर्मिष्ठा ही देवयानीची सवत. म्हणजे एका भाषांतरात ग्रीकांच्या सासूबाई आमच्याकडे सवत होऊन बसल्या. याबद्दल आकाशात अजून कोणी तक्रार केलेली नाही. मला नाव मिळालं मायावती. इतक्या मुंडक्यांनंतर ते मला बरं वाटलं.

कामाच्या बाबतीत माझी उपेक्षाच झाली. जहाजावरचे लोक ताऱ्यांवरून जागा काढायचे, त्यासाठी त्यांनी सत्तावन्न तारे निवडले. माझा शेजारी मिरफाक त्यात आहे. मी नाही. जी मधूनच मिटते तिच्या भरवशावर जहाज कोण हाकणार? हे मला पटतं. राग येतो, पण पटतं.

तरी एका जहाजावर मला एक माणूस मिळाला. बाबाजी त्याचं नाव, वेंगुर्ल्याचा. नावातच बाबा आणि जी दोन्ही असल्यामुळे त्याला विसाव्या वर्षापासून सगळे आदरानेच हाक मारत. नवा खलाशी असताना तो नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावर, पहाऱ्याला उभा होता. त्याने वर कळवलं की उत्तरेचा एक तारा गेला. ड्यूटीवरच्या बंगाली ऑफिसरने त्याला झोपाळू म्हणून झापलं, आणि मग पुस्तक काढून बघितलं. पुस्तकाने खलाशाची बाजू घेतली. ऑफिसर दिलदार निघाला. त्याने बाबाजींना माझं सगळं वेळापत्रक शिकवलं, आणि बाबाजींनी ते आपल्या भाषेत एका ओळीत बसवलं: तेरवा, पण तीन तास अकरा मिनिटं आधी.

मित्रांनो, तेरवा हा शब्द तुमच्यापैकी काहींना माहीत नसेल. आज, उद्या, परवा, आणि परवाच्या पुढचा तेरवा. मागे मोजलं तरी तोच: काल, परवा, तेरवा. मी आज मिटले असेन तर तेरवा मिटले होते, आणि तेरवा मिटणार. माझ्या मापाचा इतका नेमका शब्द दुसऱ्या कुठल्या भाषेने शिवलेला माझ्या पाहण्यात नाही.

बाबाजींनी हे सगळं पत्रातून बायकोला कळवलं. गिरिजाबाई वेंगुर्ल्याला शाळेत शिकवायच्या. माझं मराठी नाव त्यांनीच शोधून काढलं. मग दोघांचं ठरलं की मी ज्या संध्याकाळी मिटणार, त्या संध्याकाळी त्याने जहाजावरून आणि तिने खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, माझ्या जागेकडे बघायचं. नवरा-बायकोने मिळून बघण्यासाठी नेमकी त्या वेळी न दिसणारी चांदणी निवडावी, यावरून त्यांच्या संसाराची तुम्हाला कल्पना येईल. तो चांगला झाला.

बाबाजी सारंग होऊन निवृत्त झाले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. चार वर्षांपूर्वी गिरिजाबाई गेल्या, तेव्हा मुलगी चैताली त्यांना सिंगापूरला घेऊन आली. पुंगोलला बाराव्या मजल्यावर फ्लॅट. चैतालीचं ऑफिस पाया लेबारला. जावई प्रबोध पुण्याचा, तो तांजोंग पगारला बँकांचं सॉफ्टवेअर सांभाळतो. नात जाई दहा वर्षांची. सकाळी घर रिकामं झालं की बाबाजी प्रवासाचं कार्ड घेऊन एलआरटीत, म्हणजे तिथल्या छोट्या रेल्वेत बसत, समुदेरा स्टेशनला उतरत आणि पाण्यापर्यंत चालत जात. तिथे एक मलय म्हातारा गळ टाकून बसलेला असे. दोघं मिळून समोरून जाणाऱ्या टग-बोटींच्या चुका काढत. म्हाताऱ्याला मराठी येत नव्हती आणि बाबाजींचं मलय तीन बंदरांतल्या शिव्यांपुरतं होतं, त्यामुळे मतभेद होत नसत.

हे सगळं एका वाक्याने बंद पडलं.

डिसेंबरअखेरचा रविवार होता. चौघं संध्याकाळी साडेसातला लवकर जेवायला बसले होते. बाबाजींनी उत्तरेच्या खिडकीकडे तोंड केलं आणि आमटी ओरपता ओरपता सांगितलं, "मायावती मिटली. उद्या असेल परत."

प्रबोधने मायावती कोण ते विचारलं. जुनी ओळख, बाबाजी म्हणाले. गिरिजेचीही.

चैतालीच्या हातातला घास तसाच राहिला. कुणी बाई मिटली, ती उद्या परत येणार, आणि तिची आपल्या गेलेल्या आईशी ओळख आहे. त्याच महिन्यात दोन गोष्टी आणखी झाल्या होत्या. बाबाजी अकराव्या मजल्यावर जाऊन लोकांच्या दाराला किल्ली लावत बसले होते. आणि लिफ्टबाहेरच्या कुंडीतल्या झाडाला त्यांनी "गुड मॉर्निंग, मिस्टर लिम" म्हटलं होतं. मिस्टर लिम शेजारी राहतात. ते बारीक आहेत, पण इतकेही नाहीत.

चैतालीने दोन आणि दोन मिळवले, बाबांना विस्मरणाचा आजार जडला असं उत्तर आलं, आणि ती रडली. मग डोळे पुसून कामाला लागली. कामाला लागण्यात ती बापावर गेली आहे. बाबाजींचं कार्ड तिने आपल्या पर्समध्ये ठेवलं. एकट्याने खाली उतरायचं नाही, अशी ताकीद दिली. आणि जवळच्या एका ज्येष्ठांच्या डे-केअरमध्ये, जिथे विसरत चाललेल्या माणसांना दिवसभर सांभाळतात, जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारपासून त्यांचं नाव घातलं. तिथलं रंगीत पत्रक तिने त्यांच्या हातात दिलं. त्यात म्हातारी माणसं सूर्यफुलं रंगवत होती. बाबाजींनी पत्रक नाकाजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ आणलं.

"मी रंगवलंय," ते म्हणाले. "जहाज. पूर्ण."

तेव्हापासून ते हॉलमधल्या खुर्चीत बसून राहू लागले. ज्या माणसाने चाळीस वर्षं समुद्र पायाखाली घातला, त्याच्या वाट्याला आता सोफ्यापासून बाल्कनीपर्यंतची सफर आली. आणि सोमवारनंतर तीही जाणार होती.

घरात एकटी जाईच अशी होती, जिने मायावती म्हणजे काय हे दुसऱ्यांदा विचारलं. बाबाजींनी सांगितलं. तिने आईबाबांना सांगितलं. पण तिने ते "इट्स अ स्टार, मम्मा, शी डाइज अँड देन कम्स बॅक" असं सांगितल्यामुळे चैतालीला वाटलं, म्हाताऱ्याने आता पोरीच्याही डोक्यात भरवलं. तिने जाईला जवळ घेऊन थोपटलं. जाईला थोपटलेलं आवडत नाही.

सोमवार पाच दिवसांवर आला. बुधवारी जाई शाळेतून आली, बॅग टाकली आणि आजोबांच्या खुर्चीसमोर मांडी घालून बसली. मायावती पुन्हा कधी मिटणार, असं तिने विचारलं. ती मम्मा-पप्पांना घेऊन जाऊन दाखवणार होती. बाबाजींनी डोळे मिटले, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं. आज रात्री साडेअकराच्या सुमाराला, ते म्हणाले, पण तेव्हा तू झोपलेली असशील. तेरवा मात्र सव्वाआठला मिटेल.

जाईने मान डोलावली. तेरवा म्हणजे काय, हे आजोबांना विचारायची तिला लाज वाटली. मघाशीच तिने फुशारकी मारली होती की मराठीच्या शनिवारच्या वर्गात ती पहिली आली. म्हणून तिने संध्याकाळी लिफ्टमध्ये प्रबोधला विचारलं. प्रबोधच्या कानात ऑफिसचा कॉल चालू होता.

"परवा-तेरवा? सेमच गं. डे आफ्टर टुमॉरो," तो म्हणाला आणि पुन्हा सर्व्हरशी बोलू लागला.

मित्रांनो, पुण्यात हा शब्द परवाला चिकटूनच येतो. त्याचं स्वतंत्र घर आहे हे प्रबोधला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला दोष देऊ नका. एका शब्दाने एक दिवस इकडचा तिकडे झाला, एवढंच.

शुक्रवारी संध्याकाळी आठला जाईने आईबाबांना समोरच्या बहुमजली कारपार्कच्या गच्चीवर नेलं. आजोबांना न्यायला चैताली तयार नव्हती. कठडा बुटका आहे, म्हणाली. जानेवारीत पुंगोलवर सहसा ढग असतात. त्या दिवशी नव्हते. प्रबोधने फोनवरचं आकाशाचं ॲप उघडलं, फोन उत्तरेला धरला. ॲपने माझ्या जागी ठिपका दाखवला. त्यांनी फोन खाली केला, आणि त्या ठिपक्याच्या जागी मी होते.

मी नुसती नव्हते, मी चमकत होते. शेजारच्या मिरफाकला टक्कर द्यावी इतकी. मित्रांनो, माझ्या कोट्यवधी वर्षांच्या आयुष्यातला तो सगळ्यात लाजिरवाणा लखलखाट. मला मिटता आलं असतं तर मी मिटले असते. पण वेळेआधी मिटायची मला सोय नाही.

प्रबोधने फोन खिशात ठेवला. हे त्याने चांगलं केलं. चैताली म्हणाली, चल, थंडी वाजेल. सिंगापूरमध्ये थंडी वाजत नाही, पण अशा वेळी आया तेच म्हणतात.

जाई खाली उतरली ती तडक आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. रडत नव्हती, पण आवाज बारीक झाला होता.

"आजोबा, यू सेड परवा. शी वॉज देअर. ब्राइट ब्राइट, ला," ती शाळेतलं सिंगापुरी शेपूट लावून म्हणाली.

"परवा? मी तेरवा म्हटलं."

"सेम थिंग, पप्पा सेड."

बाबाजींनी डावा हात पुढे केला आणि एकेक बोट दुमडायला सुरुवात केली. बुधवार, आज. गुरुवार, उद्या. शुक्रवार, परवा. चौथं बोट त्यांनी जाईच्या हातात दिलं. प्रबोध बूट काढता काढता म्हणाला की रोजच्या बोलण्यात दोन्ही एकच असतं ना तसं.

"एकच नसतं," चैताली स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ती स्वतःही जरा चमकलेली होती. हातातलं भांडं घेऊनच ती येऊन बसली आणि हळूहळू सांगू लागली. ती सहा-सात वर्षांची असताना आई तिला जेवणाआधी खळ्यात उभी करायची. आज मिटणार, तेरवा पुन्हा, बाबापण बघतायत, असं म्हणायची. चैतालीला भूक लागलेली असायची. ती आकाशाकडे न बघता चुलीकडे बघायची. त्यामुळे शब्द लक्षात राहिला आणि चांदणी गेली.

"बाबा, मायावती म्हणजे आईची ती चांदणी?"

"मग काय तर."

"मग तसं सांगायचं नाही का सरळ?"

"सांगितलं की. मिटली म्हणालो."

चैताली हसली नाही, पण तिचा चेहरा सैल झाला. प्रबोधचा झाला नाही. त्याचं मन वाईट नाही, पण तो ज्या कामात आहे त्यात एक चाचणी पास झाली की दुसरी लावायची असते. रात्री भांडी घासताना त्याने हळू आवाजात बायकोला सांगितलं की या आजारात असंच असतं. चाळीस वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं, कालचं आठवत नाही. बाबांना जुनी चांदणी आठवते, यावरून सोमवार रद्द करता येणार नाही. उद्या ती खरंच मिटली, तर मात्र बाबांनी हिशोब या आठवड्यात केलेला असेल. आजचं डोकं लागतं त्याला.

चैतालीने मान हलवली. म्हणजे सगळं आता शनिवारच्या सव्वाआठवर आलं. माझ्यावर, म्हणा ना.

शनिवारी दुपारपासून पाऊस लागला. सहाला थांबला, पण ढग गेले नाहीत. मला मिटायचं होतं ते मी मिटणारच होते, साक्षीला कुणी असो वा नसो. पण मिटलेली चांदणी आणि ढगाआडची चांदणी यातला फरक खालून कळत नाही, आणि पुढची अशी संध्याकाळ वीस दिवसांनी येणार होती. तोपर्यंत बाबाजींची पुष्कळ सूर्यफुलं रंगवून झाली असती.

पावणेआठला चौघं गच्चीवर आले. बाबाजींचा एक हात चैतालीने धरला होता, दुसरा जाईने. आठ वाजले. सर्वत्र राखाडी. आठ पाच. प्रबोध म्हणाला की आपण प्रयत्न तर केला. जाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ.

आठ दहाला उत्तरेला ढग फाटले.

"आता ऐका," बाबाजी म्हणाले, आणि त्यांचा आवाज बदलला. हा डेकवरचा आवाज होता. "उत्तरेला तोंड करा. डावीकडे खाली शर्मिष्ठा बघा, पाच चांदण्यांची, वाकडीतिकडी. उजवीकडे मोठा पिवळट ब्रह्महृदय. मधे एक ठळक तारा आहे का?"

"आहे," जाई म्हणाली.

"तो मिरफाक. हात लांब कर, मूठ वळ. मिरफाकच्या वर एक मूठ. तिथे काय आहे?"

जाईने मूठ धरली. बघितलं. पुन्हा मूठ धरली. प्रबोधने ॲप उघडलं. ॲपमध्ये माझा ठिपका जागच्या जागी होता. त्याने फोन खाली केला, चष्मा काढून शर्टला पुसला आणि पुन्हा घातला. मिरफाक होता. डावीकडे देवयानीच्या पायाजवळचा तारा होता. ढग तिथे नव्हता. जिथे काल मी होते, तिथे आकाश होतं.

मित्रांनो, त्या क्षणी चौघं ज्या जागेकडे तोंड करून उभे होते, तिथे माझी थोरली बहीण होती. तिच्याकडे बघायला म्हणून कुणी कधी गच्चीवर येत नाही.

"नाहीये," प्रबोध शेवटी म्हणाला. "बाबा, खरंच नाहीये ती."

चैतालीने बाबाजींचा हात दोन्ही हातांत घेतला. ती हसत होती आणि नाकही ओढत होती. "मिटली बाबा. अगदी वेळेवर. बघितलंत ना?"

 मग चैतालीच्या लक्षात आलं की ते उत्तरेकडे बघतच नाहीयेत. त्यांचं तोंड कारपार्कच्या दिव्याच्या खांबाकडे होतं.

"बाबा, मिरफाक दिसतोय का तुम्हाला?"

"नाय."

"ब्रह्महृदय?"

"माका काय्येक दिसणा नाय, गो. वरीस होत इला."

मित्रांनो, चैतालीच्या घरात मालवणी फार क्वचित ऐकू येते. प्रबोधला शब्द कळायला जरा वेळ लागला. जाईला कळायला अजिबात लागला नाही.

मग ते हळूहळू बाहेर आलं. वर्षभर त्यांच्यासमोर धुकं होतं. दिव्यांभोवती झिरमिळ्या, माणसं म्हणजे सावल्या. अकरावा मजला आणि बारावा मजला यांतला आकडा त्यांना वाचता येत नव्हता. समुदेराला ते स्टेशनं मोजत पोचत, आणि टग-बोटींच्या चुका इंजिनाच्या आवाजावरून काढत. मला त्यांनी वर्षभर पाहिलेलं नव्हतं. ते रोज खिडकीकडे तोंड करत आणि मोजत, एवढंच. पेरांवर, अकरा मिनिटं धरून. गिरिजा गेल्यावर ते मोजणं थांबवावं असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि डोळे गेल्यावर तर नाहीच.

"आणि आम्हाला वाटू दिलंत की डोकं गेलं?" चैताली म्हणाली. आता ती चिडली होती, आणि तिचा तो पूर्ण अधिकार होता. "त्या डे-केअरला निघाला होतात तुम्ही. निमूट. डोळ्यांचं सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

बाबाजींनी थोडा विचार केला.

"डोकं जाग्यावर आहे हे मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "डोळे परत येतील की नाही, ते ठाऊक नव्हतं. म्हणून विचारलं नाही कुणाला."

 समुद्रावर वादळात उभा राहिलेला माणूस डॉक्टरच्या एका वाक्याला घाबरून वर्षभर अंधारात बसला होता. प्रबोधने फोन काढला. मला वाटलं, पुन्हा ॲप. पण तो डोळ्यांच्या दवाखान्याची सोमवारची वेळ शोधत होता, आणि ती मिळेपर्यंत त्याने मान वर केली नाही.

सोमवारी डे-केअरमध्ये एक खुर्ची रिकामी राहिली. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी दोन्ही डोळ्यांत उजेड टाकून बघितलं आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, चांगला पिकलेला, यांना आणलं असतं तर वर्षापूर्वीच काढून दिला असता. बाबाजींनी हे दोनदा सांगायला लावलं. ऑपरेशनपर्यंत दोन आठवडे होते. त्या काळात कार्ड द्यायचं की नाही यावर बाप-लेकीत बरीच घासाघीस झाली. शेवटी असं ठरलं की शनिवार-रविवारी जाई बरोबर जाईल आणि स्टेशनं ती मोजेल. जाईने त्या मलय म्हाताऱ्याकडून पहिल्याच दिवशी एक शिवी शिकून घेतली. ती इथे सांगत नाही.

फेब्रुवारीत उजव्या डोळ्याचं झालं. आठवड्याने बाबाजी गच्चीवर आले. त्या दिवशी माझी मिटायची पाळी नव्हती. मी पूर्ण होते. ते कठड्याला धरून उभे राहिले, मिरफाकवर मूठ धरली, वर सरकले आणि माझ्यावर येऊन थांबले. मला लोकांनी मुंडकं म्हटलं, थडगं म्हटलं, पण इतका वेळ तोंडाकडे कुणी बघत राहिलं नव्हतं.

"लहान झाली," ते म्हणाले.

चैताली म्हणाली की ती तेवढीच आहे. बाबाजींना ते पटलं नाही. त्यांनी डोळा चोळायचा प्रयत्न केला, जाईने हात धरून खाली आणला, आणि ते तसेच बघत राहिले.

मित्रांनो, माझं आत्मवृत्त संपलं. माझी फार काही विनंती नाही. घरातल्या मोठ्या माणसाच्या तोंडून एखादा शब्द निघाला आणि तो कळला नाही, तर त्याच माणसाला विचारा. शेजारच्याला नको, कॉलवर असलेल्याला तर नकोच. आणि मोठ्यांनो, तुम्हीही ऐकता आहात हे मला माहीत आहे. दिसेनासं झालं असेल तर सांगून टाका. अंधारात एकटं मोजत बसणं हे ताऱ्यांचं काम आहे, ते आमच्याकडेच राहू द्या.